वाऱ्याची नोंद

माझं काम खालून बोलायचं.
बुसान बंदराच्या पूर्वेला, अडतीस मजले होणार होते
त्यांच्या पायथ्याशी उभा मी,
पिवळं जाकीट, मान वर, तोंडाशी वॉकीटॉकी.
दिवसभरात शब्द लागायचे सात-आठ.
वर. खाली. डावीकडे. अजून.
तसूभर. बस.
एवढ्या पुंजीवर सहा वर्षं
मी ताक सन-ओकशी बोललो.

ती सव्वाशे मीटर वर,
न्हाणीघराएवढ्या काचेच्या डब्यात.
पहाटे शिडी चढायची
आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही,
वर बाईमाणसाची सोय कुठली,
आणि उतरून पुन्हा चढण्यात पाऊण तास जातो.
सुकवलेला पर्सिमन चघळायची,
तेव्हा वॉकीटॉकीत तिचा आवाज जाडसर यायचा.
हवा स्वच्छ असली की म्हणायची,
"आज त्सुशिमा दिसतंय, म्यंगदादा.
कुणीतरी कुशीवर निजलंय जणू."
मी म्हणायचो, तुळई उचल.
मला दिसायचा तो फक्त तिच्या डब्याचा तळ.

आमच्याकडे चारचा उच्चार मरणासारखा होतो.
म्हणून लिफ्टमध्ये तीननंतर एक इंग्रजी अक्षर
आणि मग पाच.
मीही सहा वर्षांत चौथा मजला म्हणालो नाही,
तीनच्या वरचा म्हणायचो.
पण क्रेन वाढवताना, नवा सांगाडा आत सरकवेपर्यंत,
अख्खं धूड चार पिनांवर तोललेलं असतं.
मनगटाएवढ्या पिना.
त्यातली एक दुसऱ्या साइटवरून आणलेली, वर ताजा रंग.
हे मागाहून कळलं.
त्या दिवशी कुणी पिना मोजल्या नाहीत.

मोजला तो वारा.
सेकंदाला तेरा मीटर.
दहाच्या पुढे क्रेन वाढवायची नाही, हे मला पाठ आहे.
साइटप्रमुख ग्वाक म्हणाले, चुसोकच्या सुट्टीआधी
दोन मजले चढायला हवेत.
म्हणाले, झुळूक असेल, पुन्हा बघ.
पुन्हा बघितलं. तेरा.
ते काही बोलले नाहीत. वहीकडे बघत राहिले,
वहीकडे आणि माझ्या पेनाकडे.
मी नऊ लिहिले.

वरून तिने विचारलं, "वारा किती?"
हा प्रश्न आमच्या सात-आठ शब्दांतला नव्हता.
मी म्हणालो, नऊ.
"इथं जास्त लागतोय."
मग थोड्या वेळाने,
"बरं."

लोक आवाजाबद्दल विचारतात.
आवाज नंतर आला.
आधी सावली फिरली,
माझ्या बुटांवरून, वाळूच्या ढिगावरून,
कोपऱ्यावरच्या गुकबापच्या दुकानाच्या पत्र्यावरून,
इतकी सावकाश
की मी वॉकीटॉकीत म्हणालो,
डावीकडे नको.

पिंजऱ्यात बाहरोम होता, उझबेकिस्तानचा,
आणि त्याचा मेहुणा, आठच दिवसांपूर्वी आलेला,
त्याचं नाव मला नीट घेता येत नसे.
दुकानामागे भांडी विसळणारी नाम बाई.
आणि सन-ओक.
चौकशीत विचारलं, दगावले किती?
मी म्हणालो, तिघं.
अधिकाऱ्याने मान वर केली.
तिघं, आणि एक, मी म्हणालो.

वही त्यांनी सीलबंद केली. तिच्यात नऊच आहेत.
मी सांगितलं, तेरा होते.
अक्षर कुणाचं, त्यांनी विचारलं.
माझंच.
ग्वाक साहेब पलीकडच्या बाकावर
दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

परवा टेकडीवर गेलो.
म्हटलं, एकदा बघावं.
हवा स्वच्छ होती, बोटी धुतल्यासारख्या.
कुशीवर निजलेलं वगैरे काही नव्हतं,
एक राखी रेघ, मधे थोडी जाड.
तिच्या उंचीवरून निराळी दिसत असेल.
शेजारी एक माणूस नातवाला बोट दाखवून सांगत होता,
ते बघ, जपान.
मी रेघ शोधत होतो तेव्हा
मान आपोआप वर गेली होती.
बेट समोर होतं.